अक्षरं येऊ देत, चित्रं नकोत

१

सकाळी नऊला बोलत्या बाई ऑफिसात आल्या आणि एक शब्द न बोलता खुर्चीत बसल्या, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

बोलत्या बाई हे आम्ही ठेवलेलं नाव. अर्धांगवायूनं ज्यांची वाचा जाते, त्यांना ही बाई पुन्हा बोलायला शिकवते. घरी बसून, व्हिडिओवरून. ओठ कसे मिटायचे, जीभ कुठे टेकवायची, सगळं तोंडासमोर तोंड आणून. एरवी तिच्यापुढे दुसऱ्याला बोलायची सोय नसते.

मी इथे नोकरीला नाही, हे आधीच सांगते. तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. आता रिटायर होऊन भाचीच्या ऑफिसात पेपर वाचायला येते, आणि पेपर वाचून झाला तरी जात नाही. आमच्या वसाहतीची स्वतःची इंटरनेट संस्था आहे. उतारावरची सहाशे घरं, त्या सगळ्यांची मिळून. मशीन, वायरी, खांब, तक्रारी हे सगळं एकटी भाची बघते. लहानपणापासून भिंतींवर चढायची आणि आता खांबांवर चढते, म्हणून तिला सगळे खारू म्हणतात.

"खारू, माझी लाइन बघ गं," बाई शेवटी म्हणाल्या. "तीन आठवडे मी माझ्याच कॉम्प्युटरला शिव्या घालतेय. ईमेल येतो, मेसेज येतो, पण चित्र थिजतं. 'प' म्हणताना मिटलेले माझे ओठ त्यांना दिसतात 'आ'च्या वेळी. माझा तो बस ड्रायव्हर आहे ना, सहा महिन्यांनी कुठे चार शब्द बोलायला लागला होता. त्याला वाटलं, अडखळतोय तो तोच. काल त्यानं मला लिहून दाखवलं, 'मी परत बिघडलो. राहू द्या.'"

एवढं बोलून बाईंनी पदरानं डोळे टिपले. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

खारूनं मशीनवर शोधलं. एक मिनिट, दोन मिनिटं. मग तिच्या तोंडावरचा रंगच उडाला.

"घर नंबर एकोणसत्तर," ती वाचू लागली. "वेग कमी केलेला आहे. मुद्दाम. खाली टीप आहे." आणि ती थांबली.

मी चष्मा लावून वाकले. टीप अशी होती: 'अक्षरं येऊ देत, चित्रं नकोत. कुणाला सांगू नये.'

"कुणी केलं हे?" असं विचारणारा आवाज दारातून आला. अध्यक्ष उभे होते. संध्याकाळच्या सभेच्या तयारीला आले होते. त्यांनी पुढे होऊन स्क्रीनवर बोट ठेवलं.

"खारू," ते म्हणाले, "हे तुझ्या नावानं आहे."

२

आता ती सभा कसली, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल एवढा काय गहजब.

एका सिनेमे दाखवणाऱ्या कंपनीनं संस्थेला करार देऊ केला होता. त्यांचे सिनेमे आमच्या वायरीवरून सगळ्यांत पुढे धावणार, बाकीचं सगळं त्यांच्या मागून. बदल्यात कंपनी नवी केबल फुकट टाकून देणार. पेपरात ज्याला नेट न्यूट्रॅलिटीचा वाद म्हणतात, तो हाच. फक्त पेपरात तो लांब कुठेतरी चाललेला असतो, आणि आमच्याकडे तो संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या हॉलमध्ये होणार होता.

संस्थेच्या नियमांत चौथं कलम आहे: 'संस्था कुणाचंही येणंजाणं पुढे काढणार नाही, मागे ठेवणार नाही.' करार करायचा तर हे कलम काढावं लागणार होतं. कराराच्या बाजूनं अध्यक्ष, विरोधात सगळ्यांत मोठा आवाज बोलत्या बाईंचा. आणि नेमकी त्यांचीच लाइन कुणीतरी आवळली होती.

अध्यक्षांचं रंगाचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, पण एखादी गोष्ट डोक्यात बसली की पक्क्या रंगासारखी, निघत नाही.

"मी हे लपवणार नाही," ते म्हणाले. "सभेत पहिला विषय हाच. खारूला कामावरून कमी करणं. आणि दुसरं म्हणजे, ते चौथं कलम तर आपल्याच माणसानं मोडलंय. मग त्याला कवटाळून बसायचं कशाला?"

"अहो, तिनं केलेलं नाही!" मी म्हणाले. "तारीख बघा की. बावीस दिवसांपूर्वीचा मंगळवार, दुपारी बारा दहा. त्या वेळी हिच्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन चाललं होतं. मी होते ना तिथे. हिच्या एका हातात आईच्या चपला, दुसऱ्या हातात चष्मा, आणि फोन माझ्या पिशवीत!"

"मावशी, तुमची साक्ष म्हणजे घरचीच." ते शांतपणे म्हणाले आणि निघून गेले. बाई खारूकडे बघत राहिल्या. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. नुसतं बघून त्याही गेल्या.

मी दार लावून घेतलं. "बोल. तुझा पासवर्ड कुणाकडे होता?"

"कुणाकडे नाही."

"खारू."

"मावशी, तू यात पडू नको."

तेहतीस वर्षं मी लोकांचं बोलणं जोडून दिलं, पण त्यांचं गप्प बसणंही कानांवर पडायचंच. रागातलं गप्प वेगळं, भीतीतलं वेगळं. हे तिसरंच होतं. ही कुणालातरी पाठीशी घालत होती. आणि हे काम गेलं तर अशा डागासकट तिला दुसरीकडे कोण उभं करणार? लोकांच्या वायरी आवळणारी म्हणून नाव झालं की झालंच.

तेवढ्यात दार उघडून अध्यक्षांची सून आत आली. आमच्या ऑफिसचं दार हा एक छळ आहे. कडी वर उचलून, खांद्यानं रेटून, मग डावीकडे ओढल्याशिवाय ते उघडत नाही. नवखा माणूस बाहेरून हाका मारतो. सूनबाईनं एका हातात खोकं धरून ते सहज उघडलं.

"सभेचे बिल्ले," ती खाली बघत म्हणाली. प्रत्येक घराला मत द्यायला एक बिल्ला, त्यावर घराचा नंबर. "मावशी, तुमचा कितवा?"

"एकोणचाळीस."

तिनं शोधून बिल्ला दिला. मी बघते तर एकोणपन्नास! "अगं, हा शेजारच्या गल्लीतल्या शिंप्याचा. तीन-नऊ दे, तीन-नऊ." सकाळपासून सगळ्यांचंच डोकं ठिकाणावर नव्हतं, त्यात हिचंही. खारूकडे तिनं एकदाही पाहिलं नाही, आणि खारूनं तिच्याकडे.

३

मी पिशवी उचलली आणि चौकशीला निघाले. मला कुणी नेमलं नव्हतं, पण रिटायर बाईला विचारायला बंदी नसते.

आधी कंपनीचा माणूस गाठला. शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावत होता. आम्ही त्याला टायवाला म्हणतो, कारण एवढ्या उकाड्यातही त्याचा टाय सुटत नाही.

"मॅडम, आमचं फास्ट होतं, बाकी कुणाचं काही स्लो होत नाही," तो गोड हसून म्हणाला.

"रांगेत एकाला पुढे घेतलं की बाकीचे मागे जातातच, बाळा. तू इथे पहिल्यांदा कधी आलास?"

"आज बरोबर दोन आठवडे झाले."

मी खात्री करून घेतली. खरंच त्याचं पहिलं पत्रही सोळा दिवसांपूर्वीचं होतं. लाइन आवळली त्याच्या आधी सहा दिवस. त्या वेळी करार नव्हता, वाद नव्हता, बाईंचा विरोधही नव्हता. टायवाला सुटला. पण मग बाईंशी कुणाचं काय वैर होतं?

अध्यक्ष दुकानात होते. मी आत शिरले तेव्हा फोनवर होते. "हां, मी बोलतोय. मी. पांढरा पाठवा, वीस डबे." फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "मावशी, मला विचारायला आलात ना, की मीच केलं का? मला मशीन चालू कसं करतात तेही माहीत नाही. आणि एक विचारू? बाईंनी स्वतःच करवून घेतलं नसेल कशावरून? सभेच्या दिवशीच बरं सापडलं!"

"त्या बस ड्रायव्हरसाठी रडत होत्या हो त्या."

"मला केबल हवी, मावशी," त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आहे ती अकरा वर्षांची झाली. पाऊस आला की अर्धी वसाहत बंद. आणि तुमच्या एक्स्चेंजमध्ये नव्हता का अर्जंट कॉल? जास्त पैसे भरा, आधी बोला?"

"होता," मी म्हणाले. "आणि बोर्डावर बसून साध्या कॉलवाल्यांना मीच सांगायचे, लाइन मिळत नाही. लाइन असायची. ती अर्जंटवाल्यासाठी धरून ठेवलेली असायची. एकदा एक जण चार तास थांबून परत गेला, म्हणाला, आता बोलायला ते माणूस राहिलं नसेल. मला त्याचं तोंड अजून आठवतं."

त्यांनी हिशोबाची वही पुढे ओढली. मीही निघाले.

तिसरे आमचे सचिव. नियम तोंडपाठ म्हणून त्यांना कलमराव म्हणतात. सत्तरीचे, ताठ, एकटे. पाचवं कलम सहावं कलम असं बोलतात, आणि दर सभेत लोकांना स्क्रीनच्या व्यसनावर झोडतात. 'एक घर, एक तास' अशी पत्रकं त्यांनीच छापून वाटली होती.

"नियमभंग आहे," ते दारातच म्हणाले. "गंभीर. पण या ऑफिसात आश्चर्य कसलं? काम सांगून होतं कुठे? मी स्वतः फोन करून एक साधं काम सांगितलं होतं, वीस-बावीस दिवस झाले असतील. अजून झालेलं नाही."

"कसलं काम?"

त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "किरकोळ. ते राहू द्या."

आतून पाण्याचा फवारा मारल्यासारखा आवाज येत होता. "नळ चालू राहिलाय का?" मी विचारलं.

"हो, हो, नळच," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

रस्त्यात मी कठड्यावर टेकले. अडीच वाजले होते. हातात काहीच नव्हतं, होती फक्त ती टीप. मी ती कागदावर उतरवून घेतली होती. पुन्हा वाचली. आणि या वेळी मी ती मोठ्यानं वाचली.

मग मी तशीच उठले आणि अध्यक्षांच्या घराकडे चालू लागले. अध्यक्ष दुकानात होते, हे मला माहीत होतं. मला ते नकोच होते.

४

"सूनबाई," मी म्हणाले, "बावीस दिवसांपूर्वी खारूच्या खुर्चीत तू बसली होतीस."

ती बिल्ल्यांची यादी करत होती. पेन खाली पडलं.

"ते दार एका हातानं उघडता यायला निदान चार दिवस लागतात," मी म्हणाले. "तू इंजिनिअर आहेस, तुला मशीन कळतं. खारूची रजा संपली होती, आईचं ऑपरेशन तर करायचं होतं. म्हणून तिनं तुला बसवलं, पासवर्ड दिला, आणि दोघींनी कुणाला सांगितलं नाही. बरोबर?"

तिनं मान हलवली आणि ढसाढसा रडायला लागली. मी पाठीवरून हात फिरवला. रडू दिलं.

"आता ही टीप बघ. 'अक्षरं येऊ देत, चित्रं नकोत.' तुमच्या वयाचं कुणी व्हिडिओला चित्रं म्हणेल का? आणि 'कुणाला सांगू नये.' अगं, जो लपूनछपून काही करतो तो कागदावर असं लिहून ठेवतो का? हे कुणीतरी फोनवर बोललंय आणि कुणीतरी शब्दन् शब्द उतरवून घेतलाय. मी तारांचे मजकूर फोनवर असेच घेतलेत, माणूस खोकला तरी लिहायचे. कुणाचा फोन होता?"

"मावशी, मी नाही सांगू शकत."

"सासऱ्यांचा, असं तुला वाटतंय."

तिनं माझ्याकडे चमकून पाहिलं. "लाइन खरखरत होती. म्हणाले, 'हां, मी बोलतोय.' पप्पा असंच म्हणतात! मला वाटलं, कुणाच्या तरी घरचं काही असेल, घरातल्या मुलांसाठी वगैरे. केलं मी. सिक्स्टी नाइन म्हणजे बोलत्या बाई, हे मला आज सकाळी कळलं. आणि मग वाटलं, पप्पांनी करारासाठी… खारू माझ्यामुळे अडकलीय, आणि मी बोलले तर पप्पा अडकतात. मी काय करू, सांगा ना!"

"तू आधी नाक पूस," मी म्हणाले. "तेहतीस वर्षांत दिवसाला पन्नास पुरुष मला म्हणायचे, 'मी बोलतोय.' मी म्हणजे कोण, ते कधी सांगायचे नाहीत. त्यांना वाटतं, सगळ्या जगाला त्यांचा आवाज माहीत आहे. तो तुझा सासरा असेलच असं नाही. मला एवढंच सांग, त्यांनी घराचा नंबर कसा सांगितला? 'सिक्स्टी नाइन' म्हणाले?"

"नाही. मराठीत." ती आठवू लागली. "एकोण… एकोणसाठ."

"आणि तू किती टाकलास?"

"सिक्स्टी नाइन. साठ आणि नऊ."

मला हसावं की तिला धरून नाचावं, कळेना. "सकाळी मी एकोणचाळीस मागितला, तू मला एकोणपन्नास दिलास. चाळीस आणि नऊ! अगं वेडे, एकोणचाळीस म्हणजे चाळीसला एक कमी. एकोणसाठ म्हणजे साठला एक कमी. पाच-नऊ!"

ती तोंडाला हात लावून बघत राहिली. "म्हणजे पप्पांनी बाईंचं नाव…"

"कुणीच बाईंचं नाव घेतलं नाही. फोन एकोणसाठ नंबरच्या घरासाठी होता. बाईंची लाइन चुकून आवळली गेली." मी यादी ओढून घेतली. सत्तावन्न, अठ्ठावन्न. एकोणसाठपुढचं नाव मनातल्या मनात वाचलं आणि मला त्या नळाचा आवाज आठवला.

५

सव्वाचारला मी पुन्हा कलमरावांच्या दारात होते. या वेळी मी बेल वाजवली नाही. दार लोटलेलं होतं, तशीच आत गेले.

कलमराव पडद्यासमोर ताठ बसले होते. पडद्यावर एक माणूस भलामोठा मळका गालिचा धूत होता. फवारा, साबण, ब्रश. काळं पाणी वाहत होतं.

"कलमराव, हा गालिचा की नळ?"

ते असे दचकले की खुर्चीच सरकली. रिमोट सापडेना. गालिचा धुतला जातच राहिला.

"पाचवं कलम," मी म्हणाले. "'सभासदाला स्वतःच्या घरापुरता वेग कमी करून मागता येईल.' तुम्ही तुमचीच लाइन आवळायला सांगितली होती. हो ना?"

त्यांनी रिमोट शोधायचा नाद सोडला. मग म्हणाले, "सुटत नव्हतं हो. दुपारी जेवून बसतो, बघता बघता दिवेलागण होते. लोकांना मी शिकवतो, एक घर, एक तास. आणि स्वतः रोज सहा-सहा तास… गालिचे. ही गेल्यापासून या घरात काही स्वच्छ होताना दिसत नाही. तिथे काळं पाणी जाऊन पांढरं येतं, आणि मला बरं वाटतं. म्हणून म्हटलं, पत्रं वाचण्यापुरतं येऊ दे, चित्रं नकोत. पण त्यांनी केलंच नाही."

"केलं. एकोणसाठचं एकोणसत्तरला केलं." मी सगळं सांगितलं. बाई, बस ड्रायव्हर, खारू, सूनबाई.

ते खाली बसले. "तो ड्रायव्हर," एवढंच म्हणाले.

"पाच वाजता तुम्हाला हे सभेत सांगावं लागेल. मी सांगितलं तर घरची साक्ष. सूनबाईनं सांगितलं तर संशय तिच्या सासऱ्यावर. फोन केला तो माणूसच उभा राहायला हवा."

"मावशी, अख्खी वसाहत हसेल. मला! गालिचे!"

"हसेल," मी म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पोटभर हसेल. पण माझ्या पोरीचं काम राहील."

ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली. मी पंधरा मिनिटं थांबले. मग एकटीच हॉलकडे निघाले.

६

हॉल भरला होता. सचिवांची खुर्ची रिकामी. अध्यक्षांनी पहिला विषय वाचला, "खारूला कामावरून कमी करणे," आणि सगळे मागे वळून तिच्याकडे बघू लागले. ती भिंतीशी उभी होती.

"मी बोलते," कुणीतरी म्हणालं. सूनबाई उभी राहिली होती. "पप्पा, त्या दिवशी खुर्चीत मी होते. लाइन मी आवळली. नंबर मी चुकले."

अध्यक्षांचा चेहरा बघवत नव्हता. "तू? कुणी सांगितलं तुला?"

"फोन आला होता… नाव नाही सांगितलं," ती म्हणाली. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली, आणि नजरा खारूवरून अध्यक्षांवर वळल्या. मागून कुणी म्हणालंदेखील, "दुसरं कोण सांगणार?"

"हां, मी बोलतोय," दारातून आवाज आला.

सूनबाईनं मान फिरवली. "हाच!" ती ओरडलीच. "हाच आवाज!"

कलमराव इस्त्रीचा सदरा घालून आले होते. सरळ पुढे चालत गेले, माइक घेतला, आणि कलम वाचावं तसं सगळं सांगून टाकलं. घर नंबर, तारीख, वेळ, फोन. रोजचे तास. आणि काय बघतात तेही. "गालिचे धुताना बघतो," ते म्हणाले.

आधी शिंप्याला हसू फुटलं, आणि मग सगळा हॉल फुटला. बोलत्या बाई तर डोळे पुसत हसत होत्या. कलमराव तसेच ताठ उभे. हसू ओसरल्यावर बाई उठल्या, त्यांच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "काका, निळा पर्शियन बघितला का? बेचाळीस मिनिटांचा?" मला वाटलं, या माणसाला आता रडू फुटणार. पण ते म्हणाले, "दोनदा." आणि ते स्वतःच हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

अध्यक्षांनी हातातला कराराचा कागद टेबलावर ठेवला.

"हा माणूस स्वतःच्या दाराला कडी लावायला गेला, आणि लागली शेजारणीच्या दाराला," ते हळूहळू म्हणाले. "चूक होती. चुकीनं एका घराला तीन आठवडे मागे ठेवलं, तर एक माणूस पुन्हा मुका व्हायला निघाला. आणि मी तुम्हाला सांगायला आलो होतो, की हेच सहाशे घरांना सही करून, कायमचं करू. कोण मागे राहिलं, काय अडलं, हे आपल्याला कळलंही नसतं. बाईंनी विचारलं म्हणून कळलं. चौथं कलम राहू द्या. केबलचं आपण आपलं बघू, गल्ली-गल्लीनं टाकू. रंग उधार देतो, तशी केबलही कुणी देईल." टायवाल्याकडे वळून ते म्हणाले, "साहेब, सिनेमे आम्ही बघूच. पण रांगेत."

टायवाल्यानं पहिल्यांदा टाय सैल केला.

खारूचा विषय राहिला होता. ती स्वतःच पुढे आली. "मी पासवर्ड दिला होता. ती चूक माझीच. द्याल ती शिक्षा द्या."

"आठवं कलम," कलमराव लगेच म्हणाले, "लेखी समज. एक." आणि मग, थोडं थांबून, "यापेक्षा जास्त शिक्षा नियमांत नाही."

हात वर झाले. मोजायची गरजच पडली नाही. बाईंनी खारूला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "सकाळी मी तुझ्याकडे तसं बघितलं. चुकलं गं माझं." खारू मान हलवत राहिली. मी जवळची खुर्ची ओढून बसले.

बाहेर आलो तेव्हा अजून ऊन होतं. माझा फोन वाजला. बहीण, खारूची आई. तिला आम्ही यातलं काही कळू दिलं नव्हतं.

"काय गं, कुठे आहात दोघी? खारू फोन का उचलत नाही?"

मला सगळं सांगायचं होतं. पण तेहतीस वर्षं फोनवर बोललेल्या बाईच्या तोंडून एक शब्द बाहेर पडेना. "हॅलो? हॅलो? कोण बोलतंय?" बहीण विचारत राहिली.

खारूनं माझ्या हातातून फोन घेतला.

"आई, मी बोलतेय," ती म्हणाली. "काही नाही गं, सगळं ठीक आहे. येतोच. आई, मला भूक लागलीये. खूप भूक लागलीये."